डब्यावर तारीख छापा : मोबाइल कंपन्यांना कराडच्या एका दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
सॅमसंग, ॲपल, शाओमी, व्हिवो, ओप्पो, वनप्लस, रिअलमी, मोटोरोला, गूगल, नथिंग आणि ज्यांची नावं राहिली असतील ते सगळे.

विषय : दरवर्षी येणारा नवा फोन आणि दरवर्षी न येणारं गिऱ्हाईक.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, उसाचं बिल जमा झालं आणि मसूरकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन दुकानात आले. मुलगा कॉलेजात, सगळं घरूनच बघून आलेला. त्यानं एकाच कंपनीचे दोन फोन काढायला लावले, मागच्या वर्षीचा आणि यंदाचा, आणि काचेवर शेजारी शेजारी ठेवले. किमतीत साडेपाच हजारांचा फरक. वडिलांनी दोन्ही हातात धरून वजन केल्यासारखं केलं, उलटेसुलटे केले आणि मला विचारलं, "शेठ, ह्यात आन् त्यात फरक काय?"

वीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे तोंडपाठ होतं. चिप नवी आहे, डिस्प्लेचा उजेड वाढलाय, उन्हात नीट दिसेल, सेल्फीचा कॅमेरा बदललाय, चार्जिंग जरा फास्ट झालंय, एआय आलंय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा फोन काढला. २०२० सालचा, लॉकडाऊनमध्ये याच पोराच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. आतली बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं, त्यावर रबर बँड. (ती बॅटरी मी आधी काढून घेतली, ते वेगळं.) तो फोन त्या दोघांच्या शेजारी ठेवून ते म्हणाले, "ह्याच्यापरीस दोन्ही चांगलंच असणार की. मग स्वस्तातला द्या. पण एवढं सांगा, किती वर्सं चालंल?"

इथं माझी बोलती बंद झाली. चिपचं नाव, मेगापिक्सेल, चार्जरचे वॉट, सगळं डब्यावर ठळक छापलेलं असतं. हे तेवढं कुठं लिहिलेलं नव्हतं. "चालेल की चार-पाच वर्षं" असं मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला कळत होतं की मी अंदाजपंचे बोलतोय.

तुम्हा सगळ्यांची मोजपट्टी बारा महिन्यांची आहे. यंदाचा फोन गेल्या वर्षीच्या फोनशी ताडून बघायचा, आणि समोरच्या कंपनीनं गेल्या महिन्यात काय आणलं त्याच्याशी. यूट्यूबवर फोन उघडून दाखवणारी मंडळीही तेच करतात; त्यांच्या टेबलावर मागच्या वर्षीचा फोन असतोच. पण माझ्या काउंटरवर येणारा माणूस नव्या फोनाची तुलना खिशातल्या फोनाशी करतो, आणि तो खिशातला फोन चार वर्षांचा, कधी सहा वर्षांचा असतो. तुम्ही एकमेकांशी ज्या गिऱ्हाइकासाठी भांडताय, म्हणजे दर दिवाळीला फोन बदलणारा, तो कराडात नाही असं नाही. तो हाताच्या बोटांवर मोजावा इतका आहे, आणि त्यातले दोघे तर तुम्हीच दुकानात विक्रीला उभे केलेले प्रमोटर आहेत.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर हे पत्र नेहमीच्या रडगाण्यातलं वाटेल. "यंदा काहीच नवीन नाही" ही ओरड माझी नाही. गणपतीच्या आगेमागे आयफोन आला की हे वाक्य ठरलेलं आहे, जानेवारी-फेब्रुवारीत गॅलॅक्सी एस आला की पुन्हा तेच. माझं म्हणणं उलटं आहे. फोन थोडाथोडाच बदलतोय, बदलू दे. स्प्लेंडर १९९४ साली आली. आज शोरूममध्ये उभी आहे ती आणि तेव्हाची, लांबून बघितलं तर बहिणी दिसतात. इंजिन सुधारत गेलं, पण "यंदा काहीच नवीन नाही" म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. उलट तिची क्लच प्लेट कुठल्याही खेड्यातल्या गॅरेजात मिळते, म्हणून लोक ती घेतात. वस्तू पिकली की तिच्यात उड्या कमी होतात. चार वर्षांच्या चार छोट्या पायऱ्या एकदम चढणाऱ्याला त्या मोठ्याच वाटतात. त्या मसूरच्या काकांना मागच्या वर्षीचा फोनसुद्धा स्वर्ग वाटला.

उड्या बघितल्यात की आम्ही. २००७ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्जनं पहिला आयफोन दाखवला, साडेतीन इंची स्क्रीन आणि दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा. तेव्हा मी टॉर्चवाला नोकिया ११०० विकत होतो आणि मला वाटायचं हा धंदा असाच चालणार. २०११ मध्ये सॅमसंगनं ५.३ इंची नोट काढला. तो कानाला लावून लोक माझ्या आरशात बघायचे आणि हसून परत ठेवायचे. जगभर लोक हसले त्याला. तीन वर्षांत ॲपलनंही ४.७ आणि ५.५ इंचांचे आयफोन ६ आणले आणि हसणं थांबलं. त्याच वर्षी, २०१४ च्या जुलैत, शाओमीचा एमआय ३ ऑनलाइन आला १३,९९९ रुपयांना, आणि डिसेंबरात वनप्लस वन आला २१,९९९ ला. माझ्या शोकेसमध्ये तेव्हा मायक्रोमॅक्स आणि कार्बनचे डबे होते. पोरं यायची, डबा हातात घ्यायची, मोबाइलवर काहीतरी बघायची आणि "येतो परत" म्हणून जायची. ती परत आली नाहीत. स्पर्धा म्हणजे काय ते मला त्या वर्षी कळलं: मला तोटा झाला आणि गिऱ्हाइकाला फायदा झाला. तक्रार नाही. ते तसंच व्हायला पाहिजे होतं.

पुढं तीच स्पर्धा उलट्या पावलानं चालायला लागली.

२०१६ मध्ये ॲपलनं आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं. सॅमसंगनं त्यावर टिंगलीच्या जाहिराती केल्या, छान होत्या, मीही हसलो. २०१८ मध्ये वनप्लसनं ६टी मधून ते काढलं. २०१९ मध्ये सॅमसंगनं नोट १० मधून काढलं आणि त्या जाहिराती गपचूप उतरवल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलनं डब्यातून चार्जर काढला. सॅमसंगनं पुन्हा चिमटा काढला, की आमच्याकडे चार्जर डब्यातच मिळतो बरं का. तीन महिन्यांत, जानेवारी २०२१ मध्ये, गॅलॅक्सी एस २१ आला: चार्जर नाही आणि वर मेमरी कार्डाची खाचही गेली. एकानं काढायचं, दुसऱ्यानं हसायचं आणि मग दुसऱ्यानंही काढायचं. दोन व्यापारी भांडतात आणि भाव मात्र दोघांचेही एकदमच वाढतात, असं आमच्या मार्केट यार्डात झालं तर लोक काय म्हणतात ते तुम्हाला माहीत नसेल, मला माहीत आहे.

कारण सांगितलं पर्यावरणाचं. डबा लहान झाला, एका जहाजात जास्त डबे मावतात, हे मला पटतं. पण माझ्याकडे पहिला प्रश्न आजही "चार्जर डब्यात आहे का?" हाच असतो. नसला की माणूस ओरिजिनल ॲडॉप्टरची किंमत ऐकतो, "राहू द्या" म्हणतो आणि एसटी स्टँडबाहेरच्या गाड्यावरून दोनशेचा घेतो. तो चार महिन्यांत जळतो. मग दुसरा. माझ्या दुकानामागं एक निळा ड्रम आहे जळालेल्या चार्जरांचा, पर्यावरणाचं जे काही झालं ते त्यात भरलेलं आहे.

आकड्यांचं तर काय सांगावं. इथं मीही तुमच्याइतकाच दोषी आहे. "किती मेगापिक्सेल?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की मोठा आकडा सांगून मी कितीतरी फोन विकलेत. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा रोजच्या फोटोला सोळा ठिपक्यांचा एक ठिपका करतो आणि साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, हे मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मागं चार भिंगं असली की फोन भारी, म्हणून तुम्ही दोन-दोन मेगापिक्सेलची मॅक्रो आणि डेप्थ नावाची भिंगं बसवली. ती उघडून कुणी फोटो काढलेला मी तरी बघितलेला नाही. दुरुस्तीला आलेल्या फोनात ती भिंगं सगळ्यात स्वच्छ असतात.

आणि नावं. २०२१ च्या ऑक्टोबरात रेडमी नोट १० लाइट आला. आत माल आदल्या वर्षीच्या नोट ९ प्रोचा. नंबर पुढं गेला, फोन तिथंच. आयफोन १४ ला चिप कुठली होती, तर आयफोन १३ च्या पिढीतली ए १५, आणि किंमत तीच ७९,९०० रुपये. त्या वर्षी ज्यांना कळलं त्यांनी उतरलेल्या किमतीत १३ घेतला, आणि शहाणपणा केला. जुना माल नवा म्हणून विकण्यात काही बेकायदा नसेल. पण आमच्याकडे जुना गहू नव्या पोत्यात भरणाऱ्याला एक शब्द आहे, तो मी इथं लिहीत नाही.

तरीही स्पर्धेवरचा माझा विश्वास उडालेला नाही, आणि त्याला पुरावा आहे. रेडमी नोट १० प्रो मार्च २०२१ मध्ये १५,९९९ ला आला, १२० हर्ट्झची गुळगुळीत सरकणारी ॲमोलेड स्क्रीन घेऊन. ॲपल साध्या आयफोनाला आयफोन १६ पर्यंत ६० वरच ठेवून होतं, ७९,९०० घेऊन. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ ला ते द्यावं लागलं, आणि सुरुवातीची मेमरीही १२८ ची २५६ करावी लागली, किंमत ८२,९००. साडेचार वर्षं लागली, पण माझ्या काउंटरवर दोन्ही फोन एकावेळी सरकवून बघणाऱ्या पोरांनी ते घडवून आणलं असं मला वाटतं. तो विक्रीला आला त्या दिवशी मुंबईत बीकेसीच्या ॲपलच्या दुकानाबाहेर रांगेत भांडणं झाली. आमच्याकडे रांग लागत नाही, पण दोन फोन एक्स्चेंजमध्ये आले.

बॅटरीचंही बघा. सॅमसंगच्या एस मालिकेतल्या सगळ्यात महागड्या फोनात, एस २० अल्ट्रात, २०२० साली ५००० एमएएचची बॅटरी होती. जानेवारी २०२५ चा एस २५ अल्ट्रा आला, त्यातही ५०००. त्याच महिन्यात वनप्लस १३ आला ६००० ची घेऊन, आणि नोव्हेंबरात वनप्लस १५ आला ७३०० ची घेऊन, तेवढ्याच जागेत जास्त ताकद मावणाऱ्या सिलिकॉन-कार्बनच्या बॅटऱ्या. जाडी फारशी वाढली नाही. सॅमसंग का दबकतंय ते मी समजू शकतो. २०१६ मध्ये नोट ७ पेटले, सगळे परत घ्यावे लागले, दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. पण रात्री दोन वाजता लाइट येते म्हणून मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्या माणसाला त्या इतिहासाशी देणंघेणं नाही. त्याला टॉर्च पाहिजे आणि पहाटेपर्यंत पाहिजे. मेगापिक्सेलच्या खालोखाल तो आता "बॅटरी किती?" विचारायला लागलाय, आणि वनप्लसला याची किंमतही कळलीय: २१,९९९ वाला फोन विकणाऱ्या कंपनीनं वनप्लस १३ आला तेव्हा त्याचे ६९,९९९ घेतले. "फ्लॅगशिप किलर", म्हणजे महागड्या फोनांना स्वस्तात मारणारे, म्हणवून घेत आलेले दहा वर्षांत स्वतःच फ्लॅगशिप होऊन बसले. होऊ देत. नवा कोणीतरी येईल त्यांना मारायला.

पण सगळ्यात चांगली स्पर्धा मी बघितली ती ऑक्टोबर २०२३ ते जानेवारी २०२४ या तीन महिन्यांत, आणि ती कुणी रांग लावून बघितली नाही. गूगलनं पिक्सेल ८ आणताना सांगितलं, सात वर्षं अपडेट देऊ. तोपर्यंत अँड्रॉइडवाल्यांचं दोन-तीन-चार-पाच असं चाललं होतं. तीन महिन्यांत सॅमसंगनं एस २४ ला सात वर्षं जाहीर केली. आणि २०२४ च्याच ऑक्टोबरात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, गॅलॅक्सी ए १६ ला, १८,९९९ च्या फोनाला, सहा वर्षं. म्हणजे जमतं. परवडतंही. एकानं बोली लावली की दुसरा चढवतो. तुम्ही कशावर बोली लावायची हेच चुकत आलात.

आता त्या सात आणि सहा वर्षांतली मेख सांगतो, कारण ती काउंटरवर बसल्याशिवाय कळत नाही. तुम्ही वर्षं मोजता फोन बाजारात आला त्या दिवसापासून. गिऱ्हाईक मोजतं विकत घेतला त्या दिवसापासून. दिवाळीच्या सेलमध्ये "मागच्या वर्षीचा भारी फोन स्वस्तात" म्हणून जो माणूस घेतो, तो दीड वर्ष आयुष्य खर्च झालेला फोन घेतो. चार वर्षं म्हणून घेतलेला, प्रत्यक्षात अडीच. त्याला ते कुणी सांगत नाही. जाहिरातीत फुलीच्या खाली बारीक अक्षरात असतं, पण जाहिरात घेऊन कोण येतं दुकानात?

म्हणून वर्षं नकोत. तारीख छापा.

दुधाच्या पिशवीवर तारीख असते. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर असते. क्रोसिनच्या पट्टीवर असते, आणि कात्रीनं कापताना तारखेचा तुकडा फेकू नका म्हणून मेडिकलवाले सांगतात. तुमच्या डब्यावरही वैधमापनाच्या, म्हणजे वजनमापांच्या कायद्याखालच्या, २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार तयार झाल्याचा महिना, एमआरपी, तक्रारीचा नंबर छापावाच लागतो. त्याच चौकोनात एक ओळ वाढवा: "या फोनाला सुरक्षा अपडेट अमुक दिवस, अमुक महिना, अमुक साल इथपर्यंत मिळतील." त्याखाली दुसरी ओळ, कंपनीच्या सेंटरमध्ये बॅटरी बदलायला मजुरीसकट किती रुपये आणि डिस्प्ले बदलायला किती. तिसरी, हे पार्ट कुठल्या सालापर्यंत मिळतील. तीन ओळी. मागच्या बाजूला तुम्ही जे बारा लोगो छापता त्यातले दोन उडवले तरी जागा होते.

डिस्प्लेची किंमत मी का मागतोय, ते ऐका.

सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी माझ्याकडून २१ हजारांचा फोन घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, दुकानदाराला सगळ्यांशी राहावं लागतं. सोळा महिने उत्तम चालला. एका रात्री अपडेट आलं, झोपताना त्यांनी ते लावून ठेवलं, आणि सकाळी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. फोन पडलेला नाही, भिजलेला नाही, टफन ग्लासला साधा ओरखडा नाही. त्या आल्या तेव्हा रेघ कॅमेऱ्याच्या भोकापासून निघून थेट खाली गेलेली, व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ओळीतलं एक अक्षर खाणारी. ड्युटीचं वेळापत्रक त्याच फोनवर येतं; त्या फोन तिरका धरून वाचत होत्या. या रेघेची तक्रार त्यांच्या एकट्यांची नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलांचे डिस्प्ले फुकट बदलूनही दिलेत. ताईंचं मॉडेल त्या यादीत नव्हतं. साताऱ्याच्या सेंटरला त्या रजा टाकून गेल्या. वॉरंटी संपली, ९,८०० रुपये होतील, आणि पार्ट सध्या नाही, तीन आठवड्यांनी चौकशी करा. २१ हजारांच्या फोनाला जवळजवळ दहा हजार. घेताना हे कळलं असतं तर त्यांनी कदाचित शेजारचा फोन घेतला असता, आणि शेजारच्याला हा आकडा कमी ठेवायचं कारण मिळालं असतं. मला म्हणायचंय ती स्पर्धा हीच.

आम्ही दुरुस्तीवाले त्या भागाला फोल्डर म्हणतो, डिस्प्ले आणि टच एकत्र. कॉपी फोल्डर दोन दिवसांत येतो, अडीच हजारांत बसतो. रंग पिवळट, बोटाचा ठसा ओळखत नाही, उन्हात काळाठिक्कर. ताईंना मी तो बसवून दिला असता तर त्यांना चाललंही असतं कदाचित. पण त्यांचं सगळं बँकेचं ठशावर आहे. मी पुण्यात तपकीर गल्लीतल्या माझ्या पार्टवाल्याला ओरिजिनल बघायला सांगितलं.

तुम्ही म्हणाल, हे भारतात जमणार नाही, किमती वाढतील. युरोपात तुम्ही हेच करताय. २० जून २०२५ पासून तिथं विकायच्या फोनाला नियम आहे: मॉडेलची विक्री थांबल्यापासून, आल्यापासून नव्हे, थांबल्यापासून, पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग, बॅटरीनं ८०० वेळा चार्ज झाल्यावरही मूळ ताकदीच्या ८० टक्के धरली पाहिजे, आणि डब्यासोबत लेबल, आपल्या फ्रिज-एसीवर ताऱ्यांचं असतं तसं, त्यात बॅटरी किती वेळा चार्ज होऊन टिकेल आणि दुरुस्तीला किती सोपा याची इयत्ता दिलेली. फ्रान्समध्ये तर त्याच्याही आधी, २०२१ पासून, दुरुस्तीला दहापैकी मार्क छापत होते. कंपन्या त्याच, फोनही बहुतेक तेच. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला जी माहिती दुकानात लेबलावर वाचायला मिळते ती मसूरच्या काकांना मला अंदाजानं सांगावी लागते. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल निघालं, सप्टेंबर २०२४ मध्ये मार्कांची पद्धत ठरवायला समिती बसली, मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. सरकार कधी करेल तेव्हा करेल. सक्तीची वाट बघितलीच पाहिजे असं नाही, सात वर्षांची बोली लावताना कुणी सक्ती केली होती?

किमतीचं तर वेगळंच. २०२५ संपता संपता मेमरीचे भाव चढले, एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला म्हणतात, आणि तुमच्या माणसानं मला फोन करून सांगितलं, पुढच्या स्टॉकला रेट बदलेल. जीएसटी २०२० च्या एप्रिलपासून १२ चा १८ झालेला आहे, तो कमी झाला नाही. म्हणजे फोन महाग होणारच. होऊ दे. पण महाग वस्तू माणूस जास्त वर्षं वापरतो, हे तुमच्याआधी सोनारांना कळलंय. ३० हजारांचा फोन घेणारा हप्ते अठरा महिने भरतो. हप्ते फिटल्यावर निदान दोन-तीन वर्षं तो फोन आपला म्हणून वापरावा एवढीच त्याची अपेक्षा असते.

आणि माझ्या धंद्याची काळजी करू नका. फोन जास्त चालले तर तुझं काय, असं मला तुमच्याच एका एरिया मॅनेजरनं चहा पिताना विचारलं. नव्या हँडसेटमागे मला सुटतात त्याहून बरे पैसे टफन आणि कव्हरात सुटतात. ऑनलाइनवाल्यांनी मॉडेलं आधी स्वतःकडे घेऊन हँडसेटमधला नफा केव्हाच मारून ठेवलाय. बॅटरी बदलायला आलेला माणूस दहा मिनिटं बाकावर बसतो, केबल घेतो, पोराच्या फोनाला कव्हर घेतो. मागच्या आठवड्यात एका निवृत्त बाईंच्या सहा वर्षांच्या फोनाला ओरिजिनल बॅटरी बसवली, चौदाशे रुपये. त्या फोन घेऊन दाराबाहेर गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा आता नवाच झाला की." जुलैत बहिणीला घेऊन येणार आहेत.

काकांनी मागच्या वर्षीचा फोन घेतला. "किती वर्सं" चं उत्तर मी बिलाच्या मागं लिहून द्यावं असं त्यांचं म्हणणं पडलं, हसत हसत, पण बिल उलटं करून पुढं सरकवलंच. मी तुमच्या वेबसाइटवर पाऊण तास शोधलं. मॉडेल नंबर टाकला, देश निवडला, एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलो, आणि शेवटी लाँचची तारीख शोधून त्यात वर्षं मिळवून एक तारीख काढली. ती लिहिली आणि खाली सही केली. तुम्ही करायची सही मी केलीय, एवढं लक्षात असू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मोबाइल दुकानदार, कराड

प्रत माहितीसाठी : ग्राहक व्यवहार विभाग, नवी दिल्ली.

ता. क. : ताईंच्या फोनाचा ओरिजिनल डिस्प्ले काल आला, नऊ आठवड्यांनी. पैसे मी भरले होते. ताईंनी मधल्या काळात दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला, माझ्याकडूनच. डिस्प्ले सध्या गल्ल्याशेजारच्या खणात पडून आहे, दुसऱ्या कुठल्याच मॉडेलला बसत नाही. त्याचं काय करायचं तेवढं कळवावं.